दीडशे कोटींचे पोलाद

नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनीव्हा शहरात फिलिप्स या लिलावगृहाने एक जुने मनगटी घड्याळ विकले. पाटेक फिलिप या कंपनीचे, १९४३ साली तयार झालेले, १५१८ या क्रमांकाच्या नमुन्याचे. त्याची केस सोन्याची नाही, प्लॅटिनमची नाही. साध्या स्टेनलेस स्टीलची आहे. किंमत आली १ कोटी ४१ लाख ९० हजार स्विस फ्रँक, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दीडशे कोटी रुपये. हेच घड्याळ, अगदी हेच, नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच लिलावगृहाने त्याच शहरात १ कोटी १० लाख फ्रँकांना विकले होते आणि मनगटी घड्याळांच्या लिलावातील तो त्या वेळचा जागतिक उच्चांक ठरला होता.

ही बातमी म्हणून जगभर छापली गेली आणि विसरली गेली. श्रीमंतांनी आपल्या पैशाचे काय करावे हा त्यांचा प्रश्न, असे म्हणून आपणही ती बाजूला सारू शकतो. आमच्या काही कार्यकर्त्यांचा कल तसाच असतो : चैनीच्या वस्तूवर एखादे तिखट वाक्य फेकावे आणि रेशन, रोजगार, पाणी या खऱ्या प्रश्नांकडे वळावे. आम्हांला हे पटत नाही. या पोलादी घड्याळामागे श्रम, मूल्य, मालकी आणि कर यांचे धागे असे गुंतलेले आहेत की, ते उलगडत गेले असता आपण थेट बंगळूरच्या बंद पडलेल्या कारखान्यापाशी आणि दिल्लीच्या करकायद्यापाशी येऊन पोहोचतो.

प्रथम वस्तूविषयी. १५१८ हा नमुना १९४१ साली बाजारात आला. वार, तारीख, महिना आणि चंद्रकला दाखवणारे शाश्वत पंचांग आणि सेकंदाचे अंश मोजणारा क्रोनोग्राफ अशी दोन यंत्रे एकाच मनगटी घड्याळात बसवून त्यांचे नियमित उत्पादन प्रथम झाले ते या नमुन्यात. कोणता महिना तीस दिवसांचा, कोणता एकतीस दिवसांचा, फेब्रुवारी कधी अठ्ठावीसचा आणि कधी एकोणतीसचा, हे सारे ज्ञान साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या पेटीत दातेरी चाकांच्या आणि तरफांच्या रूपाने कोंबलेले असते. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. किल्ली देत राहिले की लीप वर्षाचा हिशेबही ते स्वतःच ठेवते. अशा वस्तूविषयी तुच्छतेने बोलणे आम्हांला जमणार नाही. मानवी हात आणि मानवी बुद्धी यांनी केलेले उत्तम काम कोणाच्या तिजोरीत पडले आहे यावरून त्या कामाची प्रत ठरत नसते. समाजवादाला उत्तम कारागिरीचे वावडे असते, हा समज आमच्या विरोधकांनी पसरवला आणि आमच्यातल्या काही उतावळ्यांनी तो खराही करून दाखवला.

पण हे काम केले कोणी? तबकडीवर नाव एकच आहे. आतल्या यंत्राचा मूळ सांगाडा मात्र व्हालजू या दुसऱ्याच कारखान्याचा, जुरा पर्वतातील खोऱ्यात तयार झालेला. तो आणून त्याच्यावर पंचांगाची यंत्रणा चढवायची, प्रत्येक पृष्ठभाग घासून पुसून काढायचा, केस करणाऱ्याने केस करायची, तबकडीवाल्याने तबकडी, काटे करणाऱ्याने काटे, असा हा व्यवहार होता. खुद्द पाटेक फिलिप कंपनी ज्यांच्या मालकीची आहे ते स्टर्न कुटुंबीय मुळात तबकड्या करणारे कारखानदार. जागतिक मंदीच्या तडाख्यात ही नामांकित कंपनी डबघाईला आली असता तिला तबकड्या पुरवणाऱ्या या कुटुंबाने १९३२ साली ती विकत घेतली. लिलावाच्या झगमगीत सूचिपुस्तकात पहिल्या खरेदीदाराची चौकशी असते, दुसऱ्याची असते. यंत्र जुळवणाऱ्या, घासणाऱ्या आणि काटे निळे करणाऱ्या माणसांची क्वचितच असते.

मार्क्सच्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. ‘भांडवल’च्या १८६७ साली निघालेल्या पहिल्या खंडात कारखानदारीतील श्रमविभागणीचे विवेचन करताना त्याने उदाहरण घेतले आहे ते घड्याळाचेच. एकेका सुट्या भागासाठी एकेक वेगळा कारागीर, अशी त्यांची लांबलचक यादी तो देतो आणि हे सर्व भाग अखेरीस एका हाती एकत्र येतात, हे दाखवतो. १८५४ साली जिनीव्हात ऐंशी हजार घड्याळे झाली आणि एकट्या ला शो-द-फाँ या गावात त्याच्या दुप्पट, अशी आकडेवारी देऊन ते सबंध गाव म्हणजे एक प्रचंड घड्याळ-कारखानाच समजावा, असे तो नोंदवतो. घराघरांतून खिडकीशी बाक लावून बसलेला कारागीर स्वतःला स्वतंत्र समजत होता. त्याचे स्वातंत्र्य कुठवरचे होते ते व्यापाऱ्याची मागणी थांबली म्हणजे कळत असे.

या खिडकीशी बसलेल्या कारागिरांचा एक वेगळा इतिहासही आहे आणि तो आमच्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावा. जुरातील घड्याळजी वाचणारे होते, वाद घालणारे होते. पहिल्या इंटरनॅशनलमध्ये मार्क्स आणि बाकुनिन यांचे बिनसले तेव्हा ते बाकुनिनच्या बाजूने उभे राहिले आणि सप्टेंबर १८७२ मध्ये सँ इमिए या घड्याळांच्या गावात त्यांची वेगळी परिषद भरली. त्याच वर्षी क्रोपोटकिन या भागात येऊन गेला. त्यांच्यात काही दिवस राहिल्यावर समाजवादाविषयीचे आपले मत पक्के झाले आणि आपण अराज्यवादी झालो, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. त्या वादात आम्ही कोणत्या बाजूचे, हे येथे महत्त्वाचे नाही. ज्या खोऱ्यांतली घड्याळे आज अब्जाधीशांच्या तिजोऱ्यांत जाऊन बसतात, त्याच खोऱ्यांतल्या कामगारांनी एके काळी मालकीचाच प्रश्न ऐरणीवर आणला होता, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

स्वित्झर्लंड म्हणजे बँका, बर्फ आणि तटस्थता, अशी आपल्याकडे समजूत असते. ज्या १९३२ साली पाटेक फिलिपची मालकी बदलली, त्याच सालच्या ९ नोव्हेंबरला जिनीव्हात फॅसिस्ट वृत्तीच्या सभेविरुद्ध निदर्शने करणाऱ्या जमावावर सैन्याने गोळीबार केला. तेरा माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली. आज त्याच शहरात नोव्हेंबरच्या त्याच दिवसांत घड्याळांचे मोठे लिलाव भरतात. १९३४ पासून सरकारने घड्याळउद्योगावर कायद्याचे नियंत्रण बसवले : परवान्याशिवाय नवा कारखाना काढता येत नसे, सुटे भाग आणि यंत्रसामग्री परदेशी पाठवण्यावर निर्बंध होते आणि किमतींचेही नियमन होते. सुट्या भागांच्या उत्पादनासाठी १९३१ साली जी मोठी धारक कंपनी उभी राहिली तीत खुद्द संघराज्य सरकारने पैसा घातला होता. १९३७ मध्ये धातू आणि घड्याळ उद्योगातील मालक-कामगार संघटनांनी संप आणि टाळेबंदी दोन्ही वर्ज्य मानणारा ‘श्रमशांती’चा करार केला. म्हणजे ज्या काळात आपले हे पोलादी घड्याळ घडले तो काळ खुल्या बाजाराचा नव्हता. सरकारी संरक्षणाचा, परवान्यांचा आणि बांधलेल्या कामगार चळवळीचा होता. आपल्या ‘परवाना राज’ची यथेच्छ टवाळी करणाऱ्या अर्थपंडितांना स्विस घड्याळांच्या दर्जाचे कौतुक करताना हा इतिहास आठवत नाही, एवढेच.

आता मूळ कोड्याकडे येऊ. पोलाद सोन्याहून महाग का?

१५१८ या नमुन्याची एकूण २८१ घड्याळे झाली. ती बहुतेक सर्व सोन्याची. एवढे गुंतागुंतीचे यंत्र घेण्याची ऐपत असणाऱ्यास पोलादी केस कशाला हवी होती? त्या काळी पोलाद हा शिपायाचा, इंजिनिअरचा, कामाच्या माणसाचा धातू. त्यामुळे पोलादी १५१८ आजवर माहीत आहेत ती अवघी चार. बस्स, एवढेच या दीडशे कोटींचे रहस्य. ज्याला कोणी विचारत नव्हते ते थोडे झाले, आणि थोडे झाले म्हणून आज सगळे त्याच्या मागे लागले. त्या पोलादाची भंगारात किंमत एका चहाची तरी येईल की नाही, शंका आहे.

येथे काही हुशार मंडळी विचारतात : मग तुमच्या श्रममूल्य सिद्धांताचे काय झाले? सोन्याच्या आणि पोलादाच्या १५१८ मध्ये श्रम जवळजवळ सारखेच, आणि सोन्यात तर धातू काढण्याचे श्रम अधिक. तरी पोलाद महाग. हा प्रश्न नवा नाही. रिकार्डोने १८१७ सालीच स्पष्ट करून ठेवले होते की दुर्मीळ पुतळे, चित्रे, जुनी नाणी, विशिष्ट मातीतल्या द्राक्षांची दारू अशा वस्तू, ज्यांचा पुरवठा कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाही, त्यांचे मोल श्रमावर ठरत नाही. ते घेणाऱ्याच्या हौसेवर आणि ऐपतीवर ठरते. मार्क्सनेही मक्तेदारी किमतीविषयी हेच म्हटले. १९४३ साल पुन्हा आणता येत नाही. म्हणून १९४३ चे पोलादी घड्याळ पुन्हा करता येत नाही. तेव्हा अशा लिलावातील किंमत घड्याळाविषयी फार थोडे सांगते. घेणाऱ्यांपाशी साठलेल्या पैशाविषयी ती पुष्कळ सांगते. उत्पादनात गुंतवण्याजोगी जागा नाही, खर्चून संपत नाही, आणि सरकारच्या नजरेत फार भरायलाही नको, असा पैसा जेव्हा अफाट साठतो तेव्हा तो चित्रांकडे, दारूच्या बाटल्यांकडे, घोड्यांकडे आणि घड्याळांकडे वळतो. किमतीचा आकडा हे त्या साठ्याच्या पातळीचे माप आहे.

एक हिशेब मात्र मांडण्याजोगा आहे. २०१६ ते २०२५ या नऊ वर्षांत फ्रँकांत मोजले तर या घड्याळाचा भाव तीसएक टक्क्यांनी वाढला, आणि त्यातून लिलावगृहाचे कमिशन वजा करावे लागते. कोणत्याही सावकाराने नाक मुरडावे, असा हा धंदा. परंतु २०१६ च्या विनिमय दराने ती किंमत पंचाहत्तर कोटी रुपयांच्या घरात होती. रुपयांत मोजणाऱ्यास ती दुप्पट झालेली दिसते. आपल्या देशातील धनिकांना परदेशी दुर्मीळ वस्तूंची गोडी का लागते, याचे एक उत्तर सौंदर्यदृष्टीत नसून रुपयाच्या घसरणीत आहे. मजुरी रुपयांत घेणाऱ्यास असा आसरा नाही.

यांत्रिक घड्याळ ही हौसेची वस्तू कशी झाली, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पंधरा वर्षांच्या आत स्वस्त आणि अचूक क्वार्ट्झ घड्याळांनी जग व्यापले. स्वित्झर्लंडच्या घड्याळउद्योगात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतील सुमारे तिसरा हिस्सा उरला. श्रमशांतीच्या कराराने बांधलेल्या कामगारांना ही पडझड जवळजवळ मुकाट्याने सोसावी लागली. बँकांनी मध्ये पडून १९८३ साली दोन मोठे समूह एकत्र केले, प्लॅस्टिकचे स्वॉच आणले. आणि यांत्रिक घड्याळ वेळ पाहण्यासाठी लागत नाही म्हटल्यावर ते प्रतिष्ठा म्हणून विकले जाऊ लागले. गिऱ्हाईक हे घड्याळाचे खरे मालक नसून पुढच्या पिढीसाठी ते सांभाळणारे आहेत, अशा आशयाची पाटेक फिलिपची जाहिरात प्रसिद्ध आहे. विश्वस्त कल्पनेचा असा विनियोग गांधीजींनाही सुचला नसता! कामगारांच्या पुढच्या पिढीने मात्र त्या खोऱ्यांतून इतरत्र काम शोधले होते.

या बाजारातील ‘अस्सल’पणाची कल्पनाही मोठी मजेदार आहे. संग्राहकाला घड्याळ दुरुस्त केलेले नको असते. तबकडी पुसट झालेली, उन्हाने तपकिरी पडलेली, मूळची हवी. नव्याने रंगवली तर भाव कोसळतो. या निकषाने पाहता आपली मुंबई जगभर बदनाम आहे. चोर बाजारातल्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या कारागिरांनी जुन्या स्विस आणि एचएमटी घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून ती चालू केली, आणि परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे हेटाळणीचे नाव दिले. त्यांतील काही माल फसवून विकला जातो, हे खरे आहे आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण मोडके घड्याळ चालू करणे हे घड्याळजीचे काम आहे; बंद घड्याळ बंद ठेवल्यास जास्त पैसे मिळतात, हा व्यवहार त्याच्या धंद्याच्या नीतीत बसत नाही. आणि फसवणुकीचेच म्हणाल तर जिनीव्हाकडे पाहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे १९५७ सालचे म्हणून ओमेगा कंपनीचे एक पोलादी घड्याळ एकतीस लाख फ्रँकांहून अधिक किमतीला विकले गेले. घेणारे खुद्द ओमेगाचेच संग्रहालय होते. २०२३ साली कंपनीनेच जाहीर केले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते आणि या प्रकरणात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. चोर बाजारातील जुळणी हजार-दोन हजारांची, ही कोट्यवधींची. जुळणीची कला तीच.

तबकडीवरच्या ज्या पिवळसर-तपकिरी डागांचे संग्राहक कौतुक करतात, त्यांतील काहींचे मूळ रेडियममध्ये आहे. अंधारात दिसावेत म्हणून सैनिकी आणि कामाच्या घड्याळांच्या आकड्यांवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियमचा रंग देत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यातील मुलींना कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायला शिकवले गेले. त्यांचे जबडे झिजले, हाडे सडली, कित्येक मेल्या. पाच जणींनी मालकांवर दावा लावला आणि १९२८ साली प्रत्येकीस दहा हजार डॉलर व वार्षिक सहाशे डॉलरांची तडजोड पदरात पडली. जुरातही हा रंग घरी बसून लावला जात असे. त्या घरांतील किरणोत्सर्ग शोधून काढून साफ करण्याची योजना स्विस सरकारला २०१५ साली हाती घ्यावी लागली. रेडियमची शक्ती निम्मी होण्यास सोळाशे वर्षे लागतात. लिलावाच्या सूचीत या डागाला ‘काळाने दिलेली झळाळी’ म्हणतात.

आता आपल्या घराकडे वळू. घड्याळाचा आणि कामगाराचा संबंध मुंबईइतका कडवट क्वचितच कुठे असेल. वेळ गिरणीचा भोंगा सांगे आणि भोंगा मालकाचा असे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली तेव्हा मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले. म्हणजे सूर्य तेथेच, पण गिरणी तेवढी लवकर सुरू. कामगारांनी त्याविरुद्ध कामबंद निदर्शने केली. शहरातही विरोध एवढा झाला की महापालिकेच्या कारभारात मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. आठवड्याची रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालच्या कामगारांना १८९० साली मिळाली तीही झगडूनच. ज्याच्या मनगटावर घड्याळ नाही त्याने पाळी कधी सुटली हे मालकाच्या भिंतीवरील काट्यावरून मानायचे, अशी ती स्थिती होती.

स्वातंत्र्यानंतर ती बदलण्यात ज्या एका कारखान्याचा वाटा आहे तो म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्सचा. यंत्रे बनवणाऱ्या या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीचे साहाय्य घेऊन १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला. तोवर आपल्याकडे मनगटी घड्याळ म्हणजे स्विस आयात माल, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेला. एचएमटीच्या किल्लीच्या घड्याळांतील सर्वांत लोकप्रिय नमुन्याचे नाव होते ‘जनता’. पोलादी केस, पांढरी तबकडी, सरळ आकडे. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, जावयाला, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला हेच घड्याळ मिळे. बसचा कंडक्टर, गिरणीतला जॉबर, तालुक्याच्या कचेरीतला कारकून यांच्या मनगटावर ते दिसे. पोलाद तेच, किल्ली तीच. एकात दुर्मिळतेची योजना नव्हती म्हणून ती आपोआप आली, दुसऱ्यात ती येऊच नये अशी योजना होती.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. उरलेल्या सुमारे हजार कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जिनीव्हात पाटेक फिलिपच्या पोलादाने उच्चांक केला. दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. एचएमटी बुडण्यास तिचा स्वतःचा कारभारही कारणीभूत होता. क्वार्ट्झचे युग आले आहे हे तिला कळत होते, तिने तशी घड्याळे आणलीही; पण उत्पादनाचा सारा भर जुन्यावरच राहिला, दिल्लीतील निर्णय फायलींतून फिरत राहिले आणि गिऱ्हाईक निघून गेले. सार्वजनिक क्षेत्राची बाजू घेताना हे बोलायचे आपण टाळतो आणि त्यामुळे आपली बाजू दुबळी होते. पण म्हणून ‘सरकारला घड्याळे करता येत नाहीत, टाटांना येतात’ हा निष्कर्षही खोटा आहे. १९८४ साली निघालेली टायटन ही टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांची संयुक्त कंपनी आहे आणि त्या महामंडळाकडे आजही तिचे चौथाईहून अधिक भाग आहेत. म्हणजे सरकारी भांडवल होतेच. कारभार निराळा होता. बंद पडल्यावर ‘जनता’ घड्याळांचेही संग्राहक निघाले, भाव चढले, न वापरलेल्या जुन्या मालाचा शोध सुरू झाला. उत्पादन थांबले की जनतेचेही दुर्मीळ होते.

राहता राहिला कायदा. २०१० च्या प्रत्यक्ष करसंहिता विधेयकात पन्नास हजार रुपयांहून महाग घड्याळ संपत्तीकरास पात्र ठरवण्याची तरतूद होती. ते विधेयक संमत झालेच नाही, आणि १९५७ पासून चालत आलेला संपत्तीकरच २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. वसुली थोडी आणि कटकट फार, हे कारण देण्यात आले. वसुली थोडी का होती, तर सवलतींनी तो कर पोखरून ठेवला होता, हे कोणी सांगितले नाही. भांडवली नफ्याच्या करातून व्यक्तिगत वापराच्या वस्तू वगळलेल्या आहेत. या सवलतीतून दागिने, चित्रे, शिल्पे, कलाकृती बाहेर काढल्या आहेत. पोलादी घड्याळाचे नाव त्या यादीत नाही. सोन्याचे असते तर दागिना म्हणून वाद तरी घालता आला असता! ब्रिटनमध्ये याहून बहार आहे : घड्याळ हे यंत्र, आणि यंत्राचे आयुष्य पन्नास वर्षांहून कमी असे कायदा गृहीत धरतो, म्हणून ऐंशी वर्षे चाललेल्या घड्याळावरील नफाही सामान्यतः करमुक्त. आपल्याकडे २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून महाग घड्याळे, चित्रे, नौका वगैरेंच्या विक्रीवर एक टक्का कर विक्रेत्याने गोळा करण्याची तरतूद लागू झाली. ती स्वागतार्ह आहे. पण हा नवा कर नव्हे, खरेदीदार पुढे आपल्या आयकरात तो वळता करून घेऊ शकतो. तिचा खरा उपयोग माहितीचा आहे : कोण घेतो, केवढ्याचे घेतो.

दुसरीकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनस्टाइन या देशांशी झालेला व्यापारकरार अंमलात आला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील सुमारे वीस टक्के आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचे आहे. मोबदल्यात त्या देशांनी पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरांची गुंतवणूक आणि दहा लाख रोजगार यांचे उद्दिष्ट मान्य केले आहे. शुल्क कमी होण्याचे वेळापत्रक नक्की आहे. रोजगार कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या उद्योगात, कोणत्या वर्षी, याचे वेळापत्रक नाही.

आमच्या प्रतिनिधींनी संसदेत तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. एप्रिल २०२५ पासून गोळा झालेल्या एक टक्का कराची वस्तूवार आकडेवारी सभागृहापुढे ठेवावी. दहा लाखांवरील घड्याळ व्यक्तिगत वस्तूच्या सवलतीतून वगळून त्यावरील नफ्यास चित्राप्रमाणे कर लावावा. आणि व्यापारकरारातील शुल्ककपातीचा प्रत्येक टप्पा लागू होण्यापूर्वी त्या वर्षी प्रत्यक्ष आलेल्या गुंतवणुकीचा आणि मिळालेल्या रोजगाराचा हिशेब वाणिज्य मंत्र्यांनी द्यावा. पहिल्या मागणीला कायद्यात बदल लागत नाही. एका तारांकित प्रश्नाने काम होईल आणि तो पुढच्याच अधिवेशनात विचारता येण्याजोगा आहे.